मुठीला टेकणारा ब्रेक: सिडकोतल्या एका गाडीचं प्रकरण

गाडी २०१५ ची, १५० सीसी, पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. मालक सागर, नाशिकच्या सिडकोत सावतानगरला आमच्या शेजारी राहणारा, अंबड एमआयडीसीत शिफ्टला जाणारा पोरगा. तक्रार एका ओळीची: पुढचा ब्रेक दाबला की लिव्हर मुठीला टेकते आणि पकड काहीच नाही. गाडीचं नाव मुद्दाम देत नाही. दोष मॉडेलचा नव्हता, आणि पुढे एकच डिस्क असलेल्या बहुतेक गाड्यांना हे सगळं जवळपास तसंच लागू पडतं.

माझी नोकरी हायड्रॉलिक प्रेसच्या मेन्टेनन्समध्ये गेली. प्रेस शंभर टनी असो की दुचाकीचा ब्रेक, बंद नळीत हवा शिरली की दोन्ही सारखीच दगा देतात. म्हणून सागर माझ्याकडे आला. पाना हातात घेण्याआधी मी त्याला बसवून सगळी हकीकत क्रमाने सांगायला लावली. ब्रेकच्या बाबतीत निम्मं निदान यातच होतं, आणि गॅरेजमध्ये नेमकं यालाच कोणाला वेळ नसतो.

गडावरून खाली

नवरात्रात सप्तशृंगी गडावर खासगी गाड्या सोडत नाहीत, नांदुरीहून एसटीनेच वर जावं लागतं. म्हणून गर्दी ओसरल्यावर, दिवाळीच्या आधीच्या एका रविवारी, सागर आणि त्याचा मित्र एकाच गाडीवर दर्शनाला गेले. येताना पेट्रोल वाचवायचं म्हणून त्याने इंजिन बंद केलं आणि घाटभर गाडी न्यूट्रलमध्ये सोडली. ही सवय आपल्याकडे इतकी सर्रास आहे की सांगताना तो जराही अडखळला नाही. उतारभर पुढची लिव्हर दोन बोटांनी अर्धवट दाबून धरलेली. खालच्या वळणांवर लिव्हर मऊ पडायला लागली, आणि नांदुरी जवळ येईपर्यंत ती मुठीपर्यंत यायला लागली. मागचा ड्रम आणि रस्त्यावर घासलेले पाय यांच्यावर गाडी कशीबशी थांबली. तिथे चहा झाला, अर्धा तास गेला, आणि ब्रेक परत आला.

"आपोआप नीट झाला काका," सागर म्हणाला. त्याच ब्रेकवर दोघं वणी-दिंडोरीमार्गे घरी आले.

गरम झाल्यावर गेलेला आणि गार झाल्यावर परत आलेला ब्रेक म्हणजे ऑइलमधलं पाणी. दुसरं कारण शोधत बसायची गरज फार क्वचित पडते. डिस्कला चिमटून धरणारे पॅड तापूनही ब्रेक कमी लागतो, पण तेव्हा लिव्हर कडक राहते आणि गाडी थांबत नाही. इथे लिव्हरच पोकळ झाली होती, म्हणजे बिघाड नळीच्या आतला.

डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही ब्रेक ऑइलं ग्लायकॉलच्या जातीची असतात आणि हवेतला ओलावा शोषून घेतात. हँडलवरचा ऑइलचा डबा बंद असला तरी गाडीत ते होतंच, कारण ओलावा रबरी होजच्या भिंतीतूनही हळूहळू आत झिरपतो. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की मानकाप्रमाणे तो १५५ अंशांवर आला तरी चालतो. डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४०. सागरच्या गाडीचं ऑइल त्याच्या आठवणीत कधीच बदललेलं नव्हतं, आणि नाशिकचे इतके पावसाळे त्या डब्याने पाहिले होते.

आता उताराचं गणित. गाडी आणि दोन माणसं मिळून २८० किलो धरा. १०० मीटर उंची उतरताना साधारण २७० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्यात नळाचं पाऊण लिटरहून जास्त पाणी उकळीला येईल. गाडी गिअरमध्ये असती तर यातला मोठा वाटा इंजिनने खाल्ला असता. न्यूट्रलमध्ये, वाऱ्याचा विरोध आणि टायरचं घर्षण सोडलं तर, बाकी सगळं ब्रेकवर आणि त्यातही मुख्यतः पुढच्या डिस्कवर गेलं. दाबून धरलेल्या पॅडला गार व्हायला उसंतच मिळाली नाही. पॅडमागचा पिस्टन तापला, त्याला चिकटून असलेल्या ऑइलमधलं पाणी वाफ झालं, आणि वाफ दाबली जाते. गार झाल्यावर वाफेचं पुन्हा पाणी झालं. म्हणून ब्रेक "आपोआप" नीट.

गोष्ट इथेच थांबली असती तर ऑइल बदलून प्रकरण संपलं असतं.

मग जे झालं

सागरने गाडी एका गॅरेजला दाखवली. तिथे लिव्हर दोनदा दाबून "मास्टर गेलाय, पूर्ण बदलावा लागेल" असं सांगितलं आणि हजाराच्या पुढचा आकडा ऐकवला. मास्टर म्हणजे मास्टर सिलिंडर, लिव्हर दाबली की ऑइल खाली ढकलणारा हँडलवरचा पंप. पोराने तो ऐकून गाडी परत आणली, मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला आणि पार्किंगमध्ये स्वतःच एअर, म्हणजे नळीतली हवा, काढायला बसला. हिंमत चांगली होती. पण वरच्या डब्यात ऑइल किती उरलंय याकडे तो पाहत नव्हता. दुचाकीचा हा डबा एवढासा असतो, थोडं ऑइल खालून काढलं की तळ उघडा पडतो आणि पुढच्या दाबाला मास्टर सिलिंडर ऑइलऐवजी हवा ओढतो. शिवाय निपल (ऑइल आणि हवा बाहेर सोडायचा खालचा पोकळ स्क्रू) बंद करण्याआधीच तो लिव्हर सोडत होता, म्हणजे खालूनही हवा आत. नंतर त्याने डबा भरला, पुष्कळ वेळ दाबदाबी केली, पण लिव्हर मुठीवरून उठेना.

तेव्हा माझ्यासमोर आला तो बिघाड गडावरचा नव्हताच. गडावरचा पाण्याचा, हा हवेचा. गॅरेजवाला म्हणत होता तो तिसरा, आणि तो खरा की खोटा हे आधी ठरवायचं होतं.

बोटांची तपासणी

यासाठी काहीही उघडावं लागत नाही. आधी लिव्हर भराभर चार-पाच वेळा दाबली. दर दाबाला ती थोडी वर, थोडी कडक होत गेली. पंप केल्यावर लिव्हर उभी राहते तेव्हा आत हवा असते. मग ती कडक झालेली लिव्हर तशीच एकसारख्या जोराने मिनिटभर धरून ठेवली. ती जागेवरून हलली नाही. मास्टर सिलिंडरच्या आतला रबर खरंच गेला असता, तर हात तसाच ठेवूनही लिव्हर हळूहळू मुठीकडे बसत गेली असती, कारण ऑइल रबराला वळसा घालून मागे सरकतं. कॅलिपर (पॅड आणि पिस्टन धरणारा डिस्कवरचा भाग), होजच्या दोन्ही टोकांचे बँजो बोल्ट (होज जोडणारे पोकळ बोल्ट), लिव्हरखालची फट, सगळीकडे बोट फिरवलं. कुठेही ओल नाही.

शेवटी डब्याचं झाकण काढून लिव्हर अगदी हलकी, पहिल्या काही मिलिमीटरपुरती दाबली. डब्याच्या तळातल्या बारीक छिद्रातून ऑइल वर उसळलं. हे टाचणीएवढं छिद्र उघडं असणं फार महत्त्वाचं. ते गाळाने बुजलं तर तापून फुगलेल्या ऑइलला डब्यात परत यायला वाट राहत नाही आणि ब्रेक चाकाला धरून बसतो. हे पाहताना डोळे दूर ठेवायचे, ते ऑइल डोळ्यात जाण्यासारखं नाही.

एवढ्यावरून मास्टर सिलिंडर बदलायची गरज नाही हे नक्की झालं. डब्यातलं ऑइल मात्र कडक चहासारखं काळपट होतं.

काम

सामान साधं: झाकणावर लिहिल्याप्रमाणे डॉट ४ ची नवी, सीलबंद बाटली, ८ मिलिमीटरचा रिंग पाना, फिश टँकची पारदर्शक नळी, मेडिकलमधून आणलेली मोठी सिरिंज, जुनी बनियनं आणि बादलीभर पाणी. बादली आधी सांगतो, कारण ब्रेक ऑइल टाकीच्या रंगावर सांडलं तर तो रंग सुटतो. पुसत बसू नये, ते पाण्यात विरघळतं, म्हणून लगेच पाणी ओतावं. टाकीवर ओलं फडकं आधीच पसरून ठेवलं. पेट्रोल, रॉकेल, डिझेल, इंजिन ऑइल यांतलं काहीही ब्रेकच्या आतल्या भागाला लावायचं नाही. आतले रबर ग्लायकॉलसाठी बनवलेले असतात, ते पेट्रोलजन्य तेलाने फुगतात. कॅलिपर पेट्रोलने धुणारे हात मी पाहिले आहेत. त्यानंतर पंधरवड्याने येणाऱ्या गळतीचा दोष मात्र रबराला जातो.

झाकणाचे स्क्रू मऊ असतात आणि वर्षानुवर्षं न उघडल्याने धरलेले असतात. नीट बसणारा स्टारचा स्क्रू ड्रायव्हर ठेवून त्याच्या मुठीवर हातोडीचा एक हलका ठोका दिला की ते सुटतात. निपलच्या बाबतीत सागरने फिक्स पाना वापरून कोपरे थोडे घासवले होते, रिंग पान्यावर निभावलं. निपल आतून पोकळ असतो, पिळवटून मोडला तर कॅलिपर ड्रिलखाली न्यावा लागतो. बंद करतानाही मनगटाचा जोर पुरतो, ६ न्यूटन-मीटरच्या आसपास.

डब्यातलं जुनं ऑइल सिरिंजने ओढून काढलं, तळ पुसला, नवं भरलं. मग नेहमीची पद्धत. सागर वर, मी खाली. तो लिव्हर दाबून धरतो आणि "धरली" म्हणतो. मी निपल पाव फेरा उघडतो, लिव्हर मुठीपर्यंत जाते, मी बंद करतो आणि "सोड" म्हणतो. हा क्रम दोघांनी तोंडाने बोलून पाळायचा, मानेने खुणा करून नाही. दर काही दाबांनंतर डबा बघायचा. नळीतून आधी काळं, मग बुडबुडे, मग पिवळसर, मग जवळजवळ रंगहीन ऑइल आलं. बुडबुडे थांबले. लिव्हर मुठीवरून उठली, पण अर्ध्यापर्यंतच. त्यापुढे कितीही ऑइल काढलं तरी तिथून हलेना.

इथे बहुतेक जण हरतात आणि "मास्टरच गेला असणार" यावर परत येतात.

हवा कुठे बसते

जरा आकडे मांडू. अशा गाडीच्या मास्टर सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) १२ मिलिमीटरच्या आसपास असतो. पिस्टन १ सेंटिमीटर सरकला तर ऑइल हलतं जेमतेम १.१ मिलिलिटर. होजचं आतलं भोक ३ मिलिमीटर धरलं तर तेवढ्या ऑइलने नळीतला स्तंभ १५ सेंटिमीटरच्या आसपास खाली सरकतो. होज जवळपास मीटरभर लांब. हवा मात्र वर जायला बघते. आपण एका दाबाला बुडबुडा वीतभर खाली ढकलतो, निपल बंद करून पुन्हा दाबेपर्यंत तो परत वर चढायला लागतो. होजच्या मधल्या भागातले बुडबुडे भरभर पंपिंगने निघून जातात. पण मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी, बँजो बोल्टच्या वाकणात बसलेली हवा खाली येतच नाही. ती सगळ्यात उंच जागी बसलेली असते आणि ऑइल तिच्या खालून निघून जातं. खालच्या नळीत बुडबुडे दिसत नाहीत आणि आपल्याला वाटतं, हवा संपली.

आणि किती हवा पुरते? अर्धा मिलिलिटर. ब्रेक लावताना आतला दाब २०-३० बारपर्यंत गेला तर ती हवा दबून विसाव्या-तिसाव्या हिश्शाची होते, म्हणजे १.१ मिलिलिटरमधला जवळपास अर्धा भाग नुसती हवा दाबण्यात जातो. लिव्हर अर्ध्यावर येण्याचं पूर्ण उत्तर एवढ्यात मिळतं.

सागरची गाडी मी मेन स्टँडवरून काढून साइड स्टँडवर घेतली. गाडी डावीकडे कलली, उजवी मूठ वर गेली, आणि बँजोचा सांधा मास्टर सिलिंडरच्या तोंडापेक्षा खाली आला. आता हवेला वर जायचं म्हणजे डब्याकडेच जावं लागणार. झाकण सैल ठेवून लिव्हर पहिल्या काही मिलिमीटरमध्येच टकटक हलवत राहिलो, कारण त्या हालचालीतच डब्याकडचं छिद्र उघडं राहतं. पूर्ण दाबली की ते बंद होतं. होजवर खालून वर बोटांनी टिचक्या मारल्या. डब्यात बारीक बुडबुडे यायला लागले. सागर ते बघतच राहिला, कारण खाली तर सगळं स्वच्छ येत होतं.

मग उलट्या दिशेने ऑइल चढवलं. डब्यातलं ऑइल अर्ध्याहून कमी केलं, नाहीतर ते वरून सांडतं. सिरिंजमध्ये नवं ऑइल, नळीतली हवा आधी बाहेर, निपलवर नळी घट्ट, निपल पाव फेरा उघडा, आणि सिरिंज अगदी सावकाश दाबायची. हवेला जायचं तिकडेच ऑइलही जातं. एक मोठा बुडबुडा डब्यात फुटला. तोच असावा. हे काम नवं ऑइल एकदा फिरवून झाल्यावरच करायचं. आधी केलं तर कॅलिपरच्या तळाचा गाळ थेट त्या टाचणीएवढ्या छिद्राकडे जातो. मेडिकलच्या सिरिंजचा रबर ब्रेक ऑइलमध्ये थोड्या वेळाने फुगून जड सरकायला लागतो, म्हणून ती एका कामापुरतीच.

सिरिंजने खालून ओढून एअर काढायची पद्धतही पुष्कळ जण सांगतात. मला ती आवडत नाही. निपल सैल असताना त्याच्या आट्यांमधून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि नळीत बुडबुडे येतच राहतात. ते सिस्टिममधले नसतातच, पण माणूस बाटलीभर ऑइल संपवून बसतो.

उरलेला मऊपणा

लिव्हर आता वरच लागत होती, पण दाबल्यावर शेवटी किंचित रबरासारखी देत होती. पुन्हा एअर काढायच्या ऐवजी मी कॅलिपर उतरवला. एक पॅड तिरका झिजला होता. कॅलिपर ज्या पिनांवर आडवा सरकतो त्यातली एक कोरडी, गंजाने धरलेली. म्हणजे दर दाबाला कॅलिपर सरकायच्या ऐवजी वाकत होता, आणि तेच बोटांना मऊ लागत होतं. यात हवेचा संबंध शून्य. पिना घासून पुसल्या, रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावलं (बेअरिंगचं पिवळं ग्रीस इथे नको), नवे पॅड घातले. पिस्टन मागे ढकलताना डब्यातली पातळी वर येते, तेवढं ऑइल आधी काढून ठेवलं. पॅड झिजत जातात तशी पातळी खाली जाते, हा नियमच आहे. नुसती पातळी उतरली म्हणून वर भरत राहिलं की नवे पॅड घालताना ते टाकीवर सांडतं. झाकणाखालचा रबरी पडदा पसरला होता तो घडी करून पुन्हा नीट बसवला.

रात्री लिव्हर मुठीला कापडाने घट्ट बांधून ठेवली. रात्रभर बांधून ठेवल्याने एअर निघते असं पुष्कळ जण म्हणतात, आणि वर जमलेले बारीक बुडबुडे सकाळी लिव्हर सोडल्यावर डब्यात निघून जातात हे खरं. माझा हेतू वेगळा होता: रात्रभर दाबाखाली राहिलेला सांधा कुठे पाझरतो का ते बघायचं होतं. सकाळी प्रत्येक सांध्याखाली ठेवलेले कागद कोरडे होते.

चाचणी आधी पार्किंगमध्ये हाताने गाडी ढकलून, मग गल्लीत अगदी हळू, एक पाय खाली ठेवून. डिस्कवर बोटांचं तेल लागलेलं असू शकतं, ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली होती. नव्या पॅडला डिस्कवर बसायला थोडा वेळ लागतो, पहिल्याच दिवशी जोरात ब्रेक मारून बघायचा नाही, असं सागरला दोनदा सांगितलं.

एक गोष्ट एबीएसवाल्यांसाठी. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं आहे. अशा गाडीचा डबा रिकामा होऊ दिला नाही तर ऑइल याच पद्धतीने बदलता येतं. पण हवा एकदा एबीएसच्या युनिटमध्ये गेली, तर काही गाड्यांना ती काढायला सर्व्हिस सेंटरचं यंत्र लागतं. सागरने जे पार्किंगमध्ये केलं ते एबीएसच्या गाडीवर केलं असतं तर माझा सिरिंजचा खेळ कदाचित पुरला नसता.

गाडी सध्या चालू आहे. डब्याच्या बाजूला मार्करने ऑइल बदलल्याची तारीख लिहिली आहे, दोन वर्षांनी पुन्हा बदलायचं. घाटात इंजिन बंद करायचं नाही, ज्या गिअरवर चढलो त्याच गिअरवर उतरायचं, हे सागरच्या आईसमोर कबूल करून घेतलंय. होज मात्र अजून जुनाच आहे. वाकवून बघितला तर हँडलजवळच्या वळणावर बारीक भेगा दिसतात. नवा होज आणि दोन्ही टोकांचे नवे तांब्याचे वॉशर मागवायला सांगितलंय. ते आले की ऑइल पुन्हा काढावं लागेल, आणि त्या वेळी पाना सागरच्या हातात असेल.